सिग्नलला माझी मोटारसायकल कळतच नाही, काय करावं?

बंदरवाला, मालवण:
पहाटे बंदरावरून मासे घेऊन कुडाळला जातो. गाडी स्प्लेंडर, मागे बर्फाचा खोका. हायवेच्या एका नाक्यावर आमच्या बाजूचा लाल सुटतच नाही. हायवे रिकामा असला तरी नाही. मागे टेम्पो येऊन थांबला की मात्र लगेच हिरवा. म्हणजे नुसत्या टायमरवर चालणारा सिग्नल नाही, गाडी ओळखणारा आहे. कोणी म्हणतं वजन कमी पडतं, कोणी म्हणतं स्पीकरचं लोहचुंबक इंजिनखाली चिकटव. लाल तोडायचा नाही, अंधारात तिथे कंटेनर कसे सुसाट येतात ते रोज बघतो. पण बांगडा नरम पडला की गिऱ्हाईक हात लावत नाही.

जुना सिग्नलवाला, रत्नागिरी:
भाऊ, लाल तोडत नाहीस हे फार बरं करतोस. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल तोडणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात, पहिल्या वेळीच १,००० ते ५,००० दंड किंवा कैदही होऊ शकते.

मी मुंबईत सिग्नलच्या देखभालीवर होतो. वजनाचा काही संबंध नाही. डांबरात करवतीने चौकोनी चर पाडून त्यात वायरचे दोन-चार वेढे घालतात, वर सीलंट भरतात. वायरीतून उच्च वारंवारतेचा प्रवाह फिरत असतो. वर धातू आला की त्या धातूत भोवरे प्रवाह तयार होतात, वेढ्याचं इंडक्टन्स (म्हणजे प्रवाह बदलताना वेढा करतो तो विरोध) किंचित घटतं, आणि तेवढा फरक सिग्नलच्या पेटीतलं सर्किट कार्ड पकडतं. त्यामुळे लोखंडच हवं असं नाही, ॲल्युमिनियमही चालतं. लोहचुंबक चिकटवून उपयोग शून्य, त्यात पैसे घालू नकोस.

टेम्पोचं पोट रुंद, ते अख्खा चौकोन झाकतं. मोटारसायकल चौकोनाच्या मधोमध उभी राहिली तर तिचा धातू वायरीपासून लांब पडतो. म्हणून चराच्या रेषेवर उभा राहा. तीही आडव्या नाही, रस्त्याच्या दिशेने जाणाऱ्या रेषेवर, दोन्ही चाकं तिच्यावर येतील अशी. आणि आपल्याकडची खोड, स्टॉप लाइन ओलांडून झेब्रावर जाऊन थांबायची. तिथे खाली वायरच नसते. चर दिसत नसेल तर पाऊस थांबल्यावर रस्ता सुकताना बघ, पुष्कळदा चरात ओल टिकून काळी रेघ दिसते.

स्कूटीवाली, वेंगुर्ला:
दादा, खांबावर तुमच्या बाजूला तोंड करून कॅमेरा आहे का तेही बघा. काही सिग्नल कॅमेऱ्याने गाडी ओळखतात, मग चराचा प्रश्नच नाही. तिथेही स्टॉप लाइनच्या मागेच थांबायचं, कारण चित्रातला ठरावीक पट्टाच तपासला जातो. रात्री हेडलाइटवर बरंच अवलंबून असतं. २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा दिवा कायम चालू असतो, तुमची जुनी असेल तर थांबल्यावर बंद करू नका.

बंदरवाला:
कॅमेरा नाही. चर सापडला, लाल मातीखाली होता. डावीकडच्या रेघेवर गाडी लावली आणि हिरवा मिळाला! काका, खरंच उपकार झाले. पण उजवीकडे वळायच्या लेनमध्ये नवीन डांबर पडलंय, रेघ कुठेच दिसत नाही.

जुना सिग्नलवाला:
डांबर टाकण्याआधी वरचा थर खरवडला असेल तर त्यात वायर तुटलेली असू शकते. नुसती झाकली गेली असेल तर अजून चालेल, टेम्पोला हिरवा मिळतो का ते बघ. मिळत असेल तर कार्डाची संवेदनशीलता एक पायरी वाढवून मागायची. फार वाढवली तर शेजारच्या लेनमधला ट्रकही पकडतं, म्हणून ते काम पेटी उघडणाऱ्या माणसानेच करायचं. लेखी अर्ज दे: नाका, लेन, वेळ, आणि "दुचाकीची नोंद होत नाही, चारचाकीची होते" हे वाक्य जसंच्या तसं. त्यावरून दुरुस्तीवाल्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं. पोच घ्यायला विसरू नकोस.