मदत हवी आहे : पोलिसांपासून पळणाऱ्या जोडप्याचा जुना पिक्चर, मराठी सबटायटल

नमस्कार मंडळी, परभणीत आम्ही काही मित्र मिळून कॉलेजच्या पोरांना महिन्याला एक जुना पिक्चर दाखवायलोत, पुढच्या वेळेला १९५० चा 'गन क्रेझी' घेतलाय. गुन्हे करत गाडीतून गावोगाव पळणारं नवरा-बायको. त्यातला बँक लुटायचा सीन तर बघाच, कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर अन मधी कट नाहीच, गाडी लावायला जागा मिळंल का म्हणून दोघांची धाकधूक, मग तो आत जातो अन नेमका पोलीस बाहेर येऊन उभा राहतो तर ही खाली उतरून त्याला गोड बोलून गुंतवून ठेवते. बँकेच्या आतलं काहीच दिसत नाही तरी जीव टांगणीला लागतो राव.

अडचण अशी की बऱ्याच पोरांना इंग्रजी संवाद झेपत नाहीत. मराठी सबटायटल कुठं तयार मिळतील का? नाहीतर आम्हीच बसून टाईप करू, पण मोबाईलवर चालणारं सोपं ॲप कोणतं ते सांगा.

अजून एक, जोडीला १९६७ चा 'बॉनी अँड क्लाईड' ठेवावा का? मला लै आवडतो, पण शेवटचा गोळीबार अंगावर येतो अन आमच्याकडं अकरावीची पोरं पण येतात म्हणून विचारायलो. ज्यांनी शाळा-कॉलेजात दाखवलाय त्यांनी जरूर सांगा. याच विषयावरचा चांगला मराठी पिक्चर माहीत असंल तर तोही सुचवा, आधी तोच लावू.