५जीच्या चिपमध्ये पोलर डीकोडर उगाच घुसडलाय का?

चिपवाला
माझ्या मते, हो. ५जीत वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करणारे दोन कोड आहेत: डेटा एलडीपीसीने जातो आणि कंट्रोलचे संदेश (फोन आणि टॉवरमधले हुकूम-निरोप) पोलरने. म्हणजे ते उलगडणारे दोन वेगळे डीकोडर, वर ४जीच्या कोडांसाठी टर्बो आणि व्हिटर्बी हे डीकोडर आहेतच. नोव्हेंबर २०१६ मध्ये थ्रीजीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या अमेरिकेतल्या रीनोच्या बैठकीत हे ठरलं. ह्वावेचा जोर पोलरवर, क्वालकॉमचा एलडीपीसीवर. दोघांचीही मर्जी राखली गेली, झालं. एलडीपीसीचं काम समांतर चालतं, लिफ्टिंग साइज (कोडचा छोटा साचा किती पट मोठा केला तो आकडा) ३८४ असेल तर ३८४ चेक, म्हणजे बिटांच्या बेरजेच्या तपासण्या, एका दमात उरकता येतात. पोलरमध्ये प्रत्येक बिट आधीच्या बिटांच्या निकालाची वाट बघत रांगेत उभा. ५१२ लांबीला १०२२ पायऱ्या! ज्या संदेशावर बाकी सगळं अडलेलं असतं, त्यालाच ही रांग?

घाटावरचा
१०२२ हा पुस्तकी आकडा झाला राव. पोलरमध्ये बरेच बिट गोठवलेले असतात, म्हणजे ते शून्य आहेत हे रिसीव्हरला आधीच ठाऊक. डीकोडर बिटांची उकल झाडासारखी फांद्याफांद्यांनी करतो; त्या झाडाच्या एखाद्या फांदीखाली सगळे गोठवलेलेच असतील, तर तिथे उतरायचंच नाही. कितीतरी पायऱ्या अशाच गळतात.

आता मुख्य मुद्दा. फोनला आदेश देणारा डीसीआय जास्तीत जास्त १४० बिटांचा, वर २४ बिट सीआरसी (संदेश बरोबर आला का ते तपासायचे जादा बिट). एलडीपीसीत बिट आणि चेक यांना जोडणारा ग्राफ असतो; एवढ्याशा ब्लॉकच्या ग्राफमध्ये छोटी चक्रं टाळता येत नाहीत. एखाद्या बिटाने दिलेला अंदाज फिरून त्याच्याकडेच परत येतो, आणि एलडीपीसीचा डीकोडर आपल्याच मताला अनुमोदन देत बसतो. पोलरचा लिस्ट डीकोडर काय करतो? माहितीच्या प्रत्येक बिटाला ० आणि १ अशा दोन्ही वाटा धरतो, त्यातल्या भरवशाच्या ८ ठेवून बाकीच्या छाटतो, शेवटी सीआरसी जुळेल ती उचलतो. अरिकान यांनी २००९ मध्ये पोलर कोड मांडला तेव्हा नुसत्या सक्सेसिव्ह कॅन्सलेशनवर (एकेक बिट ठरवत एकच वाट धरायची) तो छोट्या लांबीला टर्बोच्याही मागे होता. ताल आणि वार्डी या संशोधकांच्या लिस्ट डीकोडरने चित्र पालटलं.

चिपवाला
पण त्या लिस्टचं बिल कोण भरणार? ८ वाटांची मेमरी, दर बिटाला १६ मधून ८ निवडायची कटकट. सीआरसीच्या २४ पैकी ३ बिट तर केवळ ८ वाटांमुळे वाढलेला चुकीच्या संदेशाचा धोका भरून काढण्यात खर्ची. आणि हे एकदाच नाही. वाहक लहरींमधलं अंतर १५ किलोहर्ट्झ असेल तर एका मिलिसेकंदाच्या स्लॉटमध्ये आपला संदेश असू शकेल अशा ४४ पर्यंत जागा धुंडाळायच्या, बहुतेक ठिकाणी आपला संदेश नसतोच. ४जीत हेच काम टेल-बायटिंग (शेवट सुरुवातीला जुळवलेला) कोड आणि व्हिटर्बी मुकाट करत होते.

जुना_खोड
१९६२ मध्ये एलडीपीसी मांडणारा गॅलेगर विसरू नका. एलडीपीसी ३० वर्षं धूळ खात पडला, कारण तो डीकोडर परवडेल असं हार्डवेअरच नव्हतं. पोलरला महाग म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा.

ईएनटीसी_मास्तर
व्हिटर्बी मलाही प्रिय, दरवर्षी त्याची ट्रेलिस (अवस्थांची जाळी) फळ्यावर काढतो. पण ४जीचा तो कोड ६४ अवस्थांचा, म्हणजे मागच्या ६ बिटांच्या शक्य तेवढ्या जुळण्यांचा. संदेश ४० बिटांचा असो की १४०, स्मृती ६ बिटांचीच. ताकद वाढवायला अवस्था दुप्पट केल्या की कामही दुप्पट. पोलर लांबीबरोबर सुधारत जातो. बैठकीत राजकारण झालं असेलच, पण म्हणून निवड चुकली हे सिद्ध होत नाही.

चिपवाला
मास्तर, एरर-रेटचे आलेख मीही पाहिलेत. सारख्याच सिलिकॉनमध्ये ८ वाटांचा लिस्ट डीकोडर आणि आधीच बसवलेला एलडीपीसी, दोन्हींचा प्रत्येक संदेशामागे विजेचा खर्च मांडा. मग बोलू.