मदत हवी आहे: क्रॅनिओफॅरिंजिओमाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाचे वाढत चाललेले वजन

सर्वांना नमस्कार.

माझा मुलगा साडेअकरा वर्षांचा आहे. नऊ वर्षांचा असताना त्याला फळ्याच्या कडेचे दिसेनासे झाले. चष्मा लागला असेल असे समजून आम्ही नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोन्ही बाजूंची नजर आक्रसलेली पाहून लगेच एमआरआय करायला सांगितले. पीयूषिका ग्रंथीच्या वर, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच ठिकाणी क्रॅनिओफॅरिंजिओमा निघाला. ही गाठ कर्करोगाची नसते, पण ती ज्या जागी वाढते तिथे रिकामी जागाच नसते. शस्त्रक्रिया मुंबईत झाली, त्याची नजर वाचली, आणि त्यासाठी आम्ही त्या शल्यचिकित्सकांचे जन्मभर ऋणी राहू.

शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचे वजन २८ किलो होते. पहिल्याच वर्षात ते ४५ झाले आणि आज ५७ आहे. पीयूषिका जवळपास निकामी झाल्यामुळे त्याला कॉर्टिसोल या संप्रेरकाच्या जागी दिवसातून तीन वेळा हायड्रोकॉर्टिसोन, सकाळी थायरॉक्सिन आणि लघवीचे प्रमाण आवरण्यासाठी डेस्मोप्रेसिन द्यावे लागते. या औषधांची घडी आता बसली आहे. बसत नाही ती त्याची भूक. पोटभर जेवून उठल्यावर अर्ध्या तासात तो मला विचारतो, ‘आई, आता पुढचे जेवण किती वाजता?’ मागच्या महिन्यात पहाटे तीन वाजता मला तो स्वयंपाकघरात अंधारात बसून शिळी भाकरी आणि कच्चे शेंगदाणे खाताना दिसला. दिवा लावताच तो रडू लागला आणि म्हणाला की मला खायचे नव्हते, पण थांबता येत नाही. त्या दिवसापासून फडताळाला कुलूप आहे, आणि ते लावताना माझ्या सासूबाईंचे आणि माझेही मन तुटते.

एका आहारतज्ज्ञांनी त्याच्यासमोरच आम्हाला सुनावले की मूल लाडावले आहे, घरात शिस्त नाही. त्याच्या शाळेतही त्याला हेच ऐकावे लागते. म्हणून या विषयावर जे काही समजून घेता येईल ते मी गेले वर्षभर वाचते आहे. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. माझ्या समजुतीत चूक असेल तर जाणकारांनी ती जरूर दुरुस्त करावी.

व्हिएन्नाच्या आल्फ्रेड फ्रोलिश या डॉक्टरांनी १९०१ मध्येच अशा एका चौदा वर्षांच्या मुलाचे वर्णन केले होते: मेंदूच्या तळाशी गाठ, डोकेदुखी, जात चाललेली नजर आणि भराभर वाढणारे वजन. त्या काळी दोष पीयूषिकेला दिला गेला. १९०४ मध्ये त्याच शहरातल्या याकोब एर्डहाइम यांनी दाखवले की पीयूषिका शाबूत असूनही असा लठ्ठपणा येतो, म्हणजे बिघाड तिच्या वरच्या भागात, आपण ज्याला हायपोथॅलॅमस म्हणतो त्या भूक सांभाळणाऱ्या भागात असला पाहिजे. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसला नेमकी इजा करून ते सिद्ध केले. जी गोष्ट वैद्यकाला इतक्या वर्षांपासून ठाऊक आहे, ती माझ्या मुलाला ‘जरा जिभेवर ताबा ठेव’ असे सांगणाऱ्यांपर्यंत अजून पोहोचलेली नाही, याचे मला फार दुःख होते.

मला सर्वांत जास्त उलगडा झाला तो डग्लस कोलमन यांच्या प्रयोगांनी. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत त्यांच्याकडे अतिलठ्ठ उंदरांच्या दोन जाती होत्या. लठ्ठ आणि निरोगी उंदराचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला, तेव्हा पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर कमी खाऊ लागला आणि बारीक झाला. दुसऱ्या जातीचा मात्र तसाच राहिला आणि त्याला जोडलेला निरोगी उंदीर खाणे सोडून उपासमारीने मेला. त्यावरून कोलमन यांनी असा निष्कर्ष काढला की पहिल्या जातीत ‘पोट भरले’ असे सांगणारा संदेशच तयार होत नाही, तर दुसऱ्या जातीत संदेश भरपूर असतो, पण तो ऐकणारे कोणी नसते. पुढे १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो संदेश, म्हणजे चरबीतून स्रवणारे लेप्टिन, शोधून काढला आणि १९९५ मध्ये तो संदेश ऐकणारा रिसेप्टर सापडला. माझ्या मुलाच्या रक्तात लेप्टिन भरपूर आहे, रिसेप्टरच्या जनुकातही दोष नाही. पण तो रिसेप्टर ज्या पेशींवर असतो त्याच पेशी गाठीमुळे आणि शस्त्रक्रियेमुळे गेल्या आहेत. त्यामुळे अंगावर इतकी चरबी असूनही त्याच्या मेंदूला तो उपाशीच वाटतो आणि शरीर ऊर्जा खर्च करणेही कमी करते. तो दुपारी वर्गात पेंगतो, चार पावले चालून दमतो, हे त्याच बिघाडाचे दुसरे अंग आहे असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले.

आता माझे प्रश्न मांडते.

लेप्टिनचा निरोप मिळालेल्या पेशी पुढे एमसी४आर नावाच्या रिसेप्टरला जागे करतात आणि मग भूक शमते, असे मी वाचले. सेटमेलॅनोटाइड हे औषध मधला टप्पा ओलांडून थेट या रिसेप्टरवर काम करते. काही जनुकीय लठ्ठपणांसाठी अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. हायपोथॅलॅमसच्या इजेनंतरच्या लठ्ठपणासाठी झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले: १२० रुग्ण होते, आणि ५२ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सरासरी सुमारे १६ टक्क्यांनी उतरला, तर औषधाविना राहिलेल्या गटाचा सुमारे ३ टक्क्यांनी वाढला. हे वाचून मी रात्रभर जागी होते. पण मेंदूचा तो भाग जर बराचसा गेला असेल, तर औषधाला चिकटायला रिसेप्टर तरी उरले असतील का? हे आधी कळण्याचा काही मार्ग आहे का? भारतात कोणी हे औषध आपल्या मुलासाठी मागवले असल्यास त्याची रीत काय, खर्च किती, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न सेमाग्लुटाइडसारख्या, भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल आहे. त्यांचे रिसेप्टर मेंदूच्या मागच्या भागातही असतात आणि तो भाग माझ्या मुलात शाबूत आहे, म्हणून थोडी आशा वाटते. भीती उलट्यांची आहे. ज्याचे शरीर स्वतः कॉर्टिसोल बनवत नाही त्याची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी उलटून पडली तर ती धोक्याची वेळ असते, आणि डेस्मोप्रेसिनवर असलेल्या मुलाचे पाण्याचे व सोडियमचे गणितही बिघडू शकते. अशा परिस्थितीत ही इंजेक्शने कोणी घेतली आहेत का?

तिसरी विनंती डॉक्टरांना नव्हे, आईवडिलांना आहे. कुलूप लावूनही मुलाचा मान कसा राखावा, हे कोणाला साधले असेल तर मला सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी स्वतः रुग्ण आहे. बाराव्या वर्षी माझी हीच शस्त्रक्रिया झाली, आता मी २७ वर्षांची आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचे सारे तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टांना (संप्रेरकांच्या डॉक्टरांना) विचारूनच करावे.

सर्वांत आधी हायड्रोकॉर्टिसोनचा डोस पुन्हा तपासून घ्या. माझा डोस शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत वाढवला होता आणि तो बराच काळ तसाच राहून गेला. जास्तीचे हायड्रोकॉर्टिसोन भूक आणि वजन दोन्ही वाढवते. डॉक्टरांनी तो हळूहळू खाली आणल्यावर माझे वजन उतरले नाही, पण चढायचे थांबले. स्वतःच्या मनाने मात्र तो कधीही कमी करू नका, आणि तापात तो वाढवावा लागतो हे शाळेलाही लेखी देऊन ठेवा.

रिसेप्टर उरले आहेत का, याची थेट तपासणी माझ्या माहितीत नाही. मात्र एमसी४आर हायपोथॅलॅमसबाहेर, मेंदूच्या देठातही असतात. इजा किती मागेपर्यंत गेली आहे, मॅमिलरी बॉडी (हायपोथॅलॅमसच्या मागच्या टोकाचे दोन छोटे उंचवटे) शाबूत आहेत का, हे एमआरआय पाहून रेडिओलॉजिस्ट सांगू शकतात. हायपोथॅलॅमसचा मागचा भाग गेला असेल तर वजनाचा त्रास अधिक असतो. सेटमेलॅनोटाइडने त्वचा काळवंडते, कारण त्वचेचा रंग ठरवणारा रिसेप्टर एमसी४आरच्याच घराण्यातला आहे. मुलाला हे आधी सांगा. स्वतःच्या वापरासाठी औषध आयात करायला फॉर्म १२ए भरून परवाना घ्यावा लागतो. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत शोधता येतात.

मी दोन वर्षे सेमाग्लुटाइडवर आहे. अगदी कमी डोसपासून सुरुवात केली आणि घरात हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणून आईला ते द्यायला शिकवून ठेवले. एकदा ते द्यावे लागले. माझ्या डोक्यातला अन्नाचा सततचा विचार कमी झाला, वजन थोडेच उतरले. मुलांच्या बाबतीत निर्णय वेगळा असू शकतो.

कुलपाबद्दल. माझ्या आईने फडताळाला कुलूप लावले तेव्हा मला बोलावून सांगितले, ‘हे कुलूप तुझ्यासाठी नाही, गाठीसाठी आहे.’ भिंतीवर जेवणाच्या वेळा लिहून ठेवल्या आणि त्या एकदाही चुकवल्या नाहीत. पुढचे जेवण नक्की येणार हे ठाऊक असले की मला वाट पाहता येई.

धागाकर्ती

तुमचे आभार कसे मानू हे कळत नाही. हायड्रोकॉर्टिसोनचा डोस शस्त्रक्रियेनंतर कधी बदलला, हे आज फाईल काढून पाहिले. शेवटचा बदल एकोणीस महिन्यांपूर्वीचा आहे. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. एमआरआयची सीडी बरोबर नेते आणि मॅमिलरी बॉडीबद्दल विचारते. वेळापत्रक मुलानेच मोठ्या अक्षरात लिहून फडताळावर चिकटवले आहे. इतर कोणाला भारतातल्या आयातीचा प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया लिहावे, मी धागा रोज पाहते आहे.