नर्सिंगला प्रवेश मिळालाय, कॉलेज अजून सुरू व्हायचंय : मधल्या दिवसांत तुम्ही काय केलंत?

हडपसरची आत्या

माझ्या भाचीचं बी.एस्सी. नर्सिंगला पुण्यात नाव लागलं. पोरगी वेल्ह्याकडची. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढची दोन वर्षं विज्ञान, इंग्रजीतून. घरात आजवर कुणी दवाखान्यात काम केलेलं नाही, त्यामुळे सल्ला द्यायला सगळे आहेत आणि माहिती कुणालाच नाही. एक काका म्हणतात, ॲनाटॉमी आत्ताच पाठ कर. शेजारच्या काकू म्हणतात, स्टेथोस्कोप घेऊन टाका. भाऊ म्हणतो, झोपू दे बिचारीला, नंतर झोप मिळायची नाही. ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा ज्यांच्या घरातल्या मुलामुलींनी केलंय त्यांनी लिहा. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी., नर्सिंगचा कुठलाही कोर्स चालेल. उपदेश नको, तुमच्याकडे काय झालं ते सांगा.

रात्रपाळी

तुमच्या भावाचं निम्मं बरोबर आहे.

मी जीएनएम, सरकारी रुग्णालयात, निवृत्ती जवळ आलीय. नव्या मुली वॉर्डात येतात तेव्हा पहिल्यांदा जड जातं ते पुस्तकातलं काहीच नसतं, जड जातं ते उभं राहणं. सकाळी हँडओव्हर, मग बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), डॉक्टरांचा राउंड, औषधं. दुपारपर्यंत बूड टेकत नाही. सुट्टीभर कॉटवर पडून मोबाइल बघितलेली पोरगी अकराच्या सुमाराला हळूच भिंतीला टेकते, आणि तेवढ्यात नेमक्या इन्चार्ज सिस्टर येतात. भाचीला सकाळी लवकर उठायची आणि घरातली कामं उभ्याने करायची सवय आत्तापासून लावा. वेल्ह्याची म्हणजे चढ-उतार अंगवळणी असतील, पण एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात.

बूट कॉलेज सांगेल त्या रंगाचे, पण घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा जे मापाला येतील ते खरे. बोटांपुढे जागा हवी, मोजे सुती.

खाऊन ड्युटीला यायचं. हॉस्टेलचा उपमा आवडला नाही म्हणून तशाच निघालेल्या मुली ड्रेसिंगच्या वेळी पांढऱ्या पडतात. नवरात्राचे नऊ दिवस फक्त पाण्यावर काढून वॉर्डात आलेल्या एकीला आमच्या सिस्टरांनी आधी केळं खायला लावलं होतं, मग कामाला हात लावू दिला. देवी रागावली नाही.

आणि एक. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांची नखं कापणं, केस विंचरणं, पाय चेपणं, हाताने भरवणं हे भाचीकडे द्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा संकोच हाच पहिल्या वर्षाचा खरा विषय असतो, त्याचा पेपर मात्र नसतो. एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाचं स्पंजिंग, म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसून घेणं, करायची पाळी येते तेव्हा मुलींचे हात थरथरतात. आजोबांची दाढी केलेली असेल तर कमी थरथरतात.

वॉर्डातल्या मावशी आणि मामा, म्हणजे मदतनीस कर्मचारी, यांना नमस्कार करायला विसरू नको म्हणावं. बेडपॅन कुठे, लिनन कुठे, कोणत्या पेशंटचा नातेवाईक तापट, हे सगळं त्यांनाच माहीत असतं.

तिसऱ्या वर्षातली

खरेदी : काही घेऊ नका. खरंच. युनिफॉर्मचं कापड आणि शिवणारा टेलर बऱ्याच कॉलेजांत ठरलेला असतो. माझ्या रूममेटने लक्ष्मी रोडवरून आधीच दोन ड्रेस शिवून आणले, कॉलर वेगळी निघाली, ते अजून कपाटात आहेत. स्टेथोस्कोप आणि बीपीचं मशीन पहिल्या दिवसापासून लागत नाही, सगळा वर्ग मिळून मागवतो तेव्हा स्वस्तही पडतं. सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ मात्र घ्या. नाडी मोजताना डिजिटल आकडे बघत मोजायला गेलं की दोन्ही मोजण्या एकमेकांत घुसतात. बाकी केसांची जाळी, काळ्या पिना, खिशात मावणारी डायरी. नखं आणि बांगड्या घरी ठेवून या. :-)

पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, पण सीनियरकडून यादी घेतल्याशिवाय जाऊ नका. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलून सेमिस्टर पद्धत आणली. त्याआधीच्या वार्षिक पद्धतीची गाइडं दुकानदार प्रेमाने गळ्यात मारतात.

कागदपत्रं : हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. मूळ दाखले कॉलेजात जमा होतात, आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली की सगळ्यांना तेच हवे असतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातपडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर, मेडिकल फिटनेस. सगळं रंगीत स्कॅन करून मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर टाका, बाबांच्या फोनमध्ये नको. बँक खातं आधारला जोडलंय का तेही आत्ताच बघा. तहसीलमधली रांग गावाकडे असतानाच उरकली तर बरं, नंतर त्यासाठी लेक्चर बुडवून एसटी पकडावी लागते.

अकलूजची, सध्या धनकवडी

तुमच्या भाचीसारखीच मी. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, नर्सिंग फाउंडेशन आणि कम्युनिकेटिव्ह इंग्लिश. नावं वाचूनच मला धडकी भरली होती. बारावीला इंग्रजीतून विज्ञान झालेलं असलं तरी आमच्याकडे सर समजावायचे मराठीतून. इथे मॅडम सलग इंग्रजीत बोलतात, आणि पुढच्या बाकावरच्या केरळच्या मुली माना डोलावतात.

मी सुट्टीत एकच केलं. चुलतबहिणीकडे नर्सिंगची जुनी वही होती, त्यातलं रोज एक चित्र हाताने काढून नावं द्यायची. हृदय, किडनी, कवटी, पाठीचे मणके. पाठांतर नाही, नुसतं काढायचं. वर्गात ‘मिट्रल व्हॉल्व्ह’ म्हटलं की तो डावीकडे कुठे असतो ते डोळ्यांपुढे यायचं, मग वाक्य अर्धं कळलं तरी चालायचं. शिवाय हाताला लिहायची सवय राहिली. तीन तासांचा पेपर इंग्रजीतून भराभर लिहायचा असतो, आणि बारावीची परीक्षा संपल्यापासून आपण पेन धरलेलं नसतं.

शब्दांच्या जोड्या पाठ केल्या त्याही उपयोगी पडल्या : टॅकि म्हणजे जलद, ब्रॅडि म्हणजे मंद, शेवटी ‘आयटिस’ आलं की सूज, ‘एक्टॉमी’ आलं की काढून टाकलेलं. अशा चाळीसेक गोष्टी आल्या की जाडजूड शब्दांची भीती जाते.

आणि वॉर्डात गेल्यावर पारडं फिरलं. पेशंट मंचरचे, इंदापूरचे, मुळशीचे. म्हाताऱ्या बाया माझ्याशी मोकळेपणाने बोलायच्या. रात्री पोटात कळ येते हे डॉक्टरांना न सांगितलेलं मला सांगायच्या. केरळच्या त्याच मैत्रिणी मला हाक मारायच्या, ‘जरा विचार ना आजींना’. बदल्यात त्यांनी माझं इंग्रजी सुधारलं. व्यवहार चोख.

शिकवणारी

मी पुण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. वरच्या चित्रांच्या कल्पनेला माझा पाठिंबा, पण काकांच्या ‘ॲनाटॉमी पाठ कर’ला नाही. पाठ करून आलेली मुलं वर्गात ऐकत नाहीत.

त्याहून मोठी अडचण म्हणजे व्हिडिओ बघून इंजेक्शन द्यायला शिकून आलेली मुलं. कोन चुकीचा, हात चुकीचे, आणि वर आत्मविश्वास. हे सगळं आम्ही लॅबमध्ये डमीवर पहिल्यापासून शिकवतो, ते आमच्याकडे सोडा. घरी करायचंच असेल तर फक्त हात धुवायला शिका. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, अंगठे आणि बोटांच्या बेचक्या विसरायच्या नाहीत. तेवढा वेळ किती मोठा असतो ते एकदा घड्याळ लावून बघा.

खरी उणीव मला दिसते ती गणितात. बारावीला जीवशास्त्र घेतलेली बरीच मुलं गणित सोडून आलेली असतात, आणि इथे औषधाचा हिशेब तोंडी करावा लागतो. सिरप ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम आहे, बाळाला २०० मिलिग्रॅम लिहून दिलंय, किती द्याल? २०० भागिले १२५, गुणिले ५, म्हणजे ८ मिली. सलाईन ५०० मिली, चार तासांत संपवायचंय, सेटवर १५ थेंबांना १ मिली लिहिलंय. ५०० गुणिले १५, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३१ थेंब. हे सातवी-आठवीचं त्रैराशिक आहे. ते कॅल्क्युलेटरशिवाय, शेजारी कुणीतरी बडबड करत असताना जमलं पाहिजे. मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना हजाराने गुणायचं की भागायचं यात अडखळणारी मुलगी मी वॉर्डात औषधाच्या ट्रेजवळ उभी करत नाही. सुट्टीत रोज पाच उदाहरणं, बास.

मुलीचा बाबा

माझी लेक जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मी पालकाच्या बाजूचं सांगतो.

कॉलेज महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, आणि बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहे का, हे आम्ही फी भरण्याआधी पाहिलं. सरकारी प्रवेशयादीतून नाव लागलं असेल तर हा प्रश्न सुटलेलाच असतो. पण थेट प्रवेश देतो म्हणून फोन करणारे एजंट भरपूर असतात, म्हणून लिहून ठेवतो. हॉस्पिटल कोणतं, किती खाटांचं, मुलींना पोस्टिंगला कुठे नेतात, हेही विचारावं. इमारत चकचकीत आणि वॉर्ड रिकामे असं असेल तर शिकणार कशावर?

हिपॅटायटिस बीची लस. हे आम्हाला एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं. तीन डोस असतात : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. म्हणजे कॉलेज सुरू झाल्यावर पहिला डोस घेतला तर वॉर्डातले पहिले महिने संरक्षण अर्धवट. लहानपणी घेतली असेल तर कार्ड शोधा, नसेल तर आत्ताच डॉक्टरांना विचारून पहिला डोस घ्या. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी पुरेशा झाल्यात का ते कळतं. कांजिण्या होऊन गेल्यात का हेही आईला आठवतंय तोवर लिहून ठेवा.

हॉस्टेल सोडून बाहेर राहायचं असेल तर भाडं बघू नका, पहाटे साडेसहाला तिथून पीएमपीची बस मिळते का ते बघा.

खडकीकर

वर कुणी लिहिलं नाही म्हणून : एएफएमसीचा, म्हणजे पुण्यातल्या लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा, प्रकार पूर्ण वेगळा आहे. तिथे बी.एस्सी. नर्सिंगला फक्त मुली, निवड नीटच्या गुणांच्या आधारावर पुढच्या फेऱ्यांतून, आणि पदवीनंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. माझी मावसबहीण तिकडे गेली. तिने सुट्टीत जी तयारी केली ती मुख्यतः पळण्याची.

ब्रदर

मुलगे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. मी जीएनएम करून सध्या आयसीयूत आहे.

माझ्या तयारीत अभ्यास शेवटी आला, आधी घर आलं. ‘पोरगा असून नर्स?’ हे चाळीतल्या प्रत्येक दारात ऐकलं. वडील गप्प. आजीने मात्र सगळ्यांसमोर सुनावलं, की प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घालून आणलं आणि त्यातच १८९७ मध्ये जीव गेला. तेव्हा घाण काढणं हलकं वाटतं त्यांनी आपापल्या घरची काढून दाखवावी. आजी शाळेत गेलेली नव्हती, हे तिला कुठून माहीत कुणास ठाऊक. त्यानंतर चाळ थंड झाली.

व्यावहारिक : वर्गात मुलगे थोडे असतात, हॉस्टेलची सोय दरवेळी असतेच असं नाही, आधी विचारा. प्रसूती आणि स्त्रीरोगाच्या पोस्टिंगचे नियम मुलांसाठी कसे आहेत तेही विचारून ठेवा. पेशंट बाईला प्रोसीजरच्या वेळी सोबत सिस्टर लागते, यात कमीपणा मानायचा नाही. आणि पहिल्याच दिवसापासून पेशंट उचलायला, ट्रॉली ढकलायला आधी तुम्हालाच हाक येणार. कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा, नाहीतर तिसऱ्या वर्षाला पाठीचे तुम्हीच पेशंट.

पुढे येरवड्याच्या मनोरुग्णालयात पोस्टिंग असते. त्याबद्दल सीनियर जे किस्से सांगतात त्यातले बरेचसे नव्यांना घाबरवायला रचलेले असतात. मला तिथे सगळ्यात जास्त कॅरम खेळायला मिळाला.

हडपसरची आत्या

सगळ्यांचे आभार, भाचीला वाचून दाखवतेय. स्टेथोस्कोप रद्द, लस आणि त्रैराशिक सुरू. तिने एक प्रश्न विचारलाय, स्वतः लिहायला लाजते. तिला रक्त बघून गरगरतं. कॉलेजात कळलं तर काढून टाकतील का?

रात्रपाळी

कुणी काढत नाही. मलाही व्हायचं, पहिल्या सिझेरियनला मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर स्टुलावर होते. गरगरतंय असं वाटलं की ‘सिस्टर, मी बसते’ असं तोंडाने सांगायचं आणि भिंतीशी खाली बसायचं, डोकं गुडघ्यात. उभ्याने सहन करायचं नाही, कारण ट्रेवर पडलं तर सगळं निर्जंतुक सामान वाया, आणि डोक्याला टाका पडतो तो वेगळा. उभं असताना पायाची बोटं आणि पोटऱ्या आवळत-सोडत राहिलं की पुष्कळदा टळतं. सहसा बघून बघून कमी होतं. पण रक्ताशिवायही चक्कर येत असेल तर आत्ताच हिमोग्लोबिन तपासून घ्या, आमच्याकडच्या मुलींत ते कमी निघण्याचं प्रमाण भरपूर आहे. फिटनेस सर्टिफिकेटला डॉक्टरकडे जाणारच आहात, तेव्हाच सांगा.

तिसऱ्या वर्षातली

आणि तिला म्हणावं, वर्गात पहिल्या दिवशी हे विचारलं तर आणखी पाच-सहा जणी हात वर करतील.