डोरोथीच्या आधीची मॉड

अमेरिकन अभिनेत्री बी आर्थरबद्दल लिहिताना बहुतेकजण 'गोल्डन गर्ल्स' या विनोदी टीव्ही मालिकेतल्या डोरोथीचीच आठवण काढतात. डोरोथी मलाही अतिशय प्रिय, पण तिच्याआधी आर्थरनेच साकारलेली मॉड राहून जाता कामा नये.

१९७२ ते १९७८ चाललेल्या 'मॉड' मालिकेतली ही बाई चौथ्या नवऱ्याबरोबर संसार करते, राजकारणावर तावातावाने भांडते आणि नवरा काही वावगं बोलला की खर्जातल्या आवाजात सुनावते, "देव बघून घेईल तुला, वॉल्टर!" नोव्हेंबर १९७२ मध्ये ४७ वर्षांच्या मॉडला दिवस जातात आणि ती नवऱ्याशी बोलून गर्भपाताचा निर्णय घेते. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 'रो विरुद्ध वेड' निकाल यायला तेव्हा दोन महिने अवकाश होता! काही टीव्ही स्थानकांनी ते भाग दाखवायलाच नकार दिला. ते लिहिणाऱ्या सुझन हॅरिसनेच पुढे 'गोल्डन गर्ल्स' निर्माण केली, त्यामुळे मॉड आणि डोरोथी मला सख्ख्या बहिणीच वाटतात.

आणि बी आर्थरचं ते नुसतं बघणं! 'गोल्डन गर्ल्स'मधली रोझ आपल्या सेंट ओलाफ गावाची गोष्ट सांगत असते, बी आर्थर एक अक्षर न बोलता हळूच मान वळवते आणि प्रेक्षक हसून बेजार. फटकळ बाई म्हणजे कजाग, हे समीकरण तिने मोडलं. तिची मॉड चुकायची, घाबरायची, तरी गप्प बसायची नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांना तिच्यामुळे घरात आवाज चढवायचं बळ आलं.

२००९ मध्ये ती गेली. घराबाहेर काढलेल्या समलिंगी आणि ट्रान्स मुलांना आसरा देणाऱ्या न्यूयॉर्कच्या अली फॉर्नी सेंटरला तिने मृत्युपत्रात ३ लाख डॉलर ठेवले होते.