फरसबीचे तिखट लोणचे : व्हिनेगर किती आंबट हवे?

सोलकढी (फोंडा) :

नमस्कार. गेल्या वर्षी चार महिने अमेरिकेत लेकीकडे राहिले, तेव्हा तिथे फरसबीच्या अख्ख्या शेंगा बाटलीत उभ्या लावून व्हिनेगरात मुरवलेले एक तिखट लोणचे खाल्ले. त्यात तेल नसते. शेपू, लसूण आणि सुक्या मिरचीचे तुकडे एवढाच काय तो जामानिमा. शेंग दाताखाली कट्‌कन मोडते आणि तिखट मागाहून सावकाश चढते. पेजेबरोबर हे फार छान लागेल असे तिथेच मनात आले होते.

अलीकडेच बेळगावहून आलेली कोवळी फरसबी ६०० ग्रॅम घेतली, टोके काढली, खळखळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून गार केली आणि लेकीने कळवलेल्या प्रमाणाने निम्मे व्हिनेगर व निम्मे पाणी मीठ घालून उकळून वर ओतले. व्हिनेगर मात्र बाटलीबंद न घेता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माडाच्या सुरेचे, घरगुती, आणले. प्रत्येक बाटलीत खोल्याच्या (काणकोणातल्या खोला गावच्या लाल) चार मिरच्या, लसणीच्या तीन पाकळ्या आणि शेपूची एक काडी घातली. तीन बाटल्या भरून ओट्यावर ठेवल्या, त्याला आज नऊ दिवस झाले.

आता माझ्या अडचणी अशा. शेंगांचा हिरवा रंग गेला आणि त्या शेवाळी-पिवळट झाल्या. लसूण चक्क निळीहिरवी झाली. दोन बाटल्यांतला खार बऱ्यापैकी नितळ आहे, तिसरीतला दुधाळ झाला आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात की चिमूटभर खाण्याचा सोडा घातला असता तर रंग टिकला असता. सासूबाईंच्या मते खार तांब्याच्या भांड्यात उकळायला हवा होता. हे लोणचे बिघडले आहे काय? आणि ते चतुर्थीपर्यंत बाहेर टिकावे यासाठी काय करायला हवे?

पाटावरवंटा (मडगाव) :

सोलकढीताई, तुम्हांला ज्या दोन गोष्टींची धास्ती वाटली आहे त्या निरुपद्रवी आहेत, आणि जी तुमच्या ध्यानात आलेली नाही ती मात्र गंभीर आहे.

आधी रंगाचे पाहू. पानांचा आणि शेंगांचा हिरवा रंग आंबटात टिकत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असते, ते आम्लामुळे निघून जाते आणि शेंग शेवाळी दिसू लागते. तुम्ही अमेरिकेत खाल्लेल्या शेंगाही आठवून पाहा, त्या पोपटी नसणार. लसणीचेही तसेच आहे. तिच्यातल्या गंधकयुक्त घटकांची आम्लात प्रक्रिया होऊन कधी कधी निळा किंवा हिरवा रंग येतो. दिसायला विचित्र, खायला निर्धोक.

सोड्याचा सल्ला मात्र कृपा करून मनावर घेऊ नका. सोडा रंग राखतो, कारण तो आम्ल मारतो. आणि या लोणच्याला राखणारे जे काही आहे ते आम्लच आहे. म्हणजे राखणदारालाच झोपवून दागिने झळाळत ठेवण्यासारखे झाले. तांब्याच्या भांड्यातली युक्ती जुनी आहे आणि ती खरोखर चालतेही, कारण मॅग्नेशियमच्या जागी तांबे बसले की रंग हिरवागार राहतो, पण उकळत्या व्हिनेगरात उतरलेले ते तांबे आपल्या पोटात जाते. पितळ आणि ॲल्युमिनियमही नको. स्टीलचे पातेले घ्यावे.

आता गंभीर बाब. अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासून दिलेल्या कृतीत साधारण १.८ किलो शेंगांना ९५० मिली व्हिनेगर आणि ९५० मिली पाणी असते. तुमच्या लेकीचे प्रमाणही हेच दिसते. पण त्या कृतीतले व्हिनेगर ५ टक्के आम्लाचे असते, आणि तिथल्या दुकानांतले बहुतेक पांढरे व्हिनेगर तसेच मिळत असल्याने हे कुणी बोलून दाखवत नाही. आपल्याकडे नियमाने किमान ३.७५ टक्के आम्ल असले की बाटलीवर व्हिनेगर लिहिता येते, आणि बाजारातल्या पांढऱ्या बाटल्या बऱ्याचदा ४ टक्क्यांच्या आसपास असतात. घरगुती माडाच्या व्हिनेगराला तर कसले लेबलच नसते. त्याची चव सुरेख, मी स्वतः शाकुतीसोबतच्या कांद्यावर तेच घालते, पण ते किती आंबट आहे हे जिभेवरून ठरवता येत नाही. ते समजा ३ टक्के असेल आणि त्यात तुम्ही तितकेच पाणी घातले असेल, तर खार दीड टक्क्याचा झाला.

म्हणून माझे मत असे आहे की दुधाळ बाटली न चाखता टाकावी. खार दुधाळ होण्याची निरुपद्रवी कारणेही असतात, जसे मिठात घातलेली गुठळी न होण्याची पूड, जड पाणी किंवा दळलेला मसाला. परंतु तीनही बाटल्या एकाच मिठाच्या आणि एकाच पाण्याच्या असताना एकच गढूळ व्हावी, याचा अर्थ तिच्यात काहीतरी आंबू लागले आहे. झाकण फुगले असेल, उघडताना फुसकन हवा सुटली किंवा शेंग बुळबुळीत लागली, तर शंकाच नको. ती गुरांच्या आंबोणात किंवा कुत्र्यामांजरांच्या तोंडी जाईल अशी टाकू नका.

कुळागर (डिचोली) :

चर्चा वाचून थोडे नवल वाटले. आमच्या घरी दर उन्हाळ्यात मिस्कुट, म्हणजे कैरीचे मसालेदार लोणचे, घातले जाते, चेपणीची तोरे (कोवळ्या कैऱ्या) मिठात दाबून ठेवली जातात आणि बिंबलांचे लोणचेही होते. आजीने कधी टक्के मोजले नाहीत आणि आमच्या चार पिढ्यांत लोणचे खाऊन कुणी आजारी पडल्याचे ऐकिवात नाही. पावसाळ्याआधीची बेगमी हा तर गोव्याच्या घराघरांतला रिवाज आहे. पुरुमेताच्या फेस्तात, म्हणजे या बेगमीच्या जत्रेत, काय काय विकायला येते ते पाहावे. फरसबीवर मोहरीची फोडणी देऊन वर बोटभर तेल राहील एवढे ओतले, तर तीही वर्षभर टिकायला हवी. हवा लागली नाही की लोणचे बिघडत नाही, एवढे साधे आहे.

तोलकाटा (पणजी) :

कुळागर यांच्या आजींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो की त्यांचे लोणचे टिकत होते ते तेलामुळे कमी आणि कैरीमुळे अधिक. कैरी, तोर आणि बिंबल ही अंगचीच आंबट आहेत. त्यांत आपण आम्ल घालत नाही, ते घेऊनच ती बरणीत येतात. फरसबी अंगची आंबट नाही. तिचा सामू (पीएच, तो जितका कमी तितके आम्ल अधिक) ६ च्या आसपास असतो. मी तीसेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे आणि माझ्या मते सगळा प्रश्न याच एका फरकाचा आहे.

मातीत सर्वत्र आढळणारा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जिवाणू बीजाणूच्या रूपात उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. त्याला वाढायला हवा लागत नाही, किंबहुना हवा नसली तरच तो वाढतो. त्यामुळे कमी आंबट भाजीवर बोटभर तेल ओतणे म्हणजे त्याला हवी तशी खोली बांधून देणे होय. त्याचे विष पुष्कळदा रंग, वास किंवा चव यांतून कळत नाही. त्याला रोखणारी गोष्ट म्हणजे सामू ४.६ च्या खाली ठेवणे, आणि घरगुती कामात तो ४ च्याही खाली राहील असे पाहणे शहाणपणाचे.

आता हिशेब. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण २२५ ग्रॅम शेंगा आणि २४० मिली खार बसतो. शेंगेत सुमारे ९० टक्के पाणीच असते. खार त्या अमेरिकी कृतीसारखा अडीच टक्क्यांचा असला तर त्यात ६ ग्रॅम आम्ल आहे, आणि मुरता मुरता ते शेंगांतल्या पाण्यातही वाटले जाऊन शेवटी सगळीकडे १.३ ते १.४ टक्के उरते. खार मुळातच दीड टक्क्याचा असेल तर उरते जेमतेम ०.८ टक्के. एवढ्याने सामू उतरेलही, पण भरवसा धरता येत नाही, आणि शेंगा चेपून भरल्या असतील तर तेवढेही नाही.

म्हणून ४ टक्क्यांचे व्हिनेगर असेल तर १ लिटर खारासाठी ६२५ मिली व्हिनेगर आणि ३७५ मिली पाणी घ्यावे, ३.७५ टक्क्यांचे असेल तर ६७० आणि ३३०. मीठ लिटरला ७० ग्रॅम, आणि ते वजन करूनच घ्यावे, कारण आपल्या मिठागरातल्या जाड खड्यांचा एक चमचा आणि बारीक मिठाचा एक चमचा यांच्या वजनात पुष्कळ तफावत असते. आगरातले मीठ वापरणार असाल तर ते पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळावे, नाहीतर तळाशी चिखल बसेल.

माडाचेच व्हिनेगर हवे असेल तर ते एकदा मोजून घ्यावे. ओळखीच्या शाळेच्या प्रयोगशाळेत हे पाव तासाचे काम आहे. १ मिली व्हिनेगर पाण्यात पातळ करून त्यात फिनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकाचे दोन थेंब टाकावेत आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत जावे. लागलेल्या प्रत्येक मिलीला ०.००६ ग्रॅम आम्ल धरले जाते, म्हणजे ५ टक्क्यांच्या व्हिनेगराला सुमारे ८.३ मिली लागतात आणि ४ टक्क्यांच्या व्हिनेगराला ६.७. मी हौसेने केले तेव्हा एकाच रेंदेराकडून (माडाची सूर काढणाऱ्याकडून) निरनिराळ्या वेळी घेतलेल्या दोन बाटल्यांतही फरक निघाला. सूर किती दिवस आंबली, भांडे किती उघडे होते, पावसाचे पाणी शिरले काय, अशा कितीतरी गोष्टींवर ते अवलंबून असते. सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्यांनी व्हिनेगरातले आम्ल किती ते कळत नाही. पण दोन आठवड्यांनी मुरलेली शेंग ठेचून तिचा सामू पाहायला त्या उपयोगी पडतात.

पाटावरवंटा (मडगाव) :

हिशेबाबद्दल आभार. दोन गोष्टी जोडते. असे प्रमाण जुळवले तरी ते लोणचे शीतकपाटातच ठेवावे. त्या अमेरिकी कृतीत ५ टक्क्यांचे व्हिनेगर तर असतेच, शिवाय भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे बुडवून खास झाकणांनी हवाबंद केल्या जातात. आपण जॅमच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरतो, त्यांची झाकणे तशी बसत नाहीत आणि व्हिनेगराने आतून गंजतातही. तेव्हा चतुर्थीपर्यंत ठेवायचे म्हणता ते आत, ओट्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट चवीची, कारण इतक्या वेळात आपण लोणच्याच्या चवीबद्दल काहीच बोललो नाही. खोल्याची मिरची अख्खी टाकलीत तर रंग येईल, तिखट फार उशिरा येईल. ती मधोमध मोडून, बिया न झटकता, बाटलीच्या तळाशी घालावी आणि उकळता खार थेट तिच्यावर ओतावा. जहालच हवे असेल तर दोन लवंगी मिरच्या चिरून सोबत द्याव्यात. रेशादचा (लाल मिरच्या व्हिनेगरात वाटून करतात तो) मसाला वाटून घालण्याचा मोह मलाही झाला होता. चव उत्तम आली, पण खार पहिल्याच दिवशी गढूळ झाल्याने पुढे तो बिघडला की नाही हे ओळखण्याची सोयच उरली नाही, म्हणून नंतर सोडून दिला. शेंगा दोन मिनिटे उकळणे जास्त होते असे मला वाटते. कोवळ्या असतील तर पाऊण मिनिट पुरे, लगेच बर्फाच्या पाण्यात. वाकवली की कट्‌ आवाज न करता लवणारी शेंग भाजीला ठेवावी, तिचे लोणचे चामट होते. शेंगा बाटलीच्या तोंडापासून बोटभर खाली राहतील एवढ्याच लांब कापाव्यात आणि खाराबाहेर टोक दिसू देऊ नये. शेपूची पालेभाजी पावसाळ्यात चिखलाची येते, तिच्याऐवजी किराणा दुकानातली बाळंतशेप अर्धा चमचा घालावी, कारण ती शेपूचेच बी आहे.

कुळागर (डिचोली) :

कैरी अंगची आंबट आणि फरसबी नाही, हा मुद्दा पटला. तेलाची सूचना मागे घेतो. मात्र एक विचारतो : आमच्याकडच्या जुन्या हिंदू घरांत व्हिनेगर शिरतच नसे, आंबटासाठी भिंडाची सोले (आमसुले), चिंच, नाहीतर कैरी. सोले घालून फरसबी मुरवता येईल काय?

तोलकाटा (पणजी) :

दोन-तीन दिवसांत संपवायची, शीतकपाटात ठेवलेली कोशिंबिरीसारखी फरसबी म्हणून अवश्य करावी, आणि वर तिरफळे ठेचून घातली तर व्हिनेगरवाल्यांना हेवा वाटेल. साठवणीसाठी मात्र नको. सोलांतले आम्ल झाडागणिक, वाळवणीगणिक आणि मिठागणिक बदलते, त्यामुळे प्रमाण सांगण्याची सोय नाही.

सोलकढी (फोंडा) :

सर्वांचे मनापासून आभार. गढूळ बाटलीचे झाकण सैल करताच फुसकन आवाज झाला. ती टाकलीच, आणि मोजमाप ठाऊक नसल्यामुळे उरलेल्या दोन्हीही टाकल्या. सासूबाई हळहळल्या, पण सोड्याचे कारण ऐकून वहिनींनी मात्र मान डोलावली. आज दुकानातून ४ टक्क्यांचे व्हिनेगर लेबल वाचून आणले आहे. ६२५ आणि ३७५ हे आकडे ओट्यावरच्या फरशीवर पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. शीतकपाटात बाटल्या उभ्या राहतील एवढी जागा फक्त बांगडे मासे ठेवलेल्या डब्याशेजारी आहे, तेव्हा झाकणे घट्ट बसतात की नाही ते आधी पाण्याने भरून, उलटी करून पाहते.