पुराचं पाणी घरात घुसलं, घरमालक म्हणतात भाडं पूर्णच लागेल

तळमजलेवाला:
नमस्कार मंडळी. नागपूरला डागा लेआउटच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याने राहतो, मी, बायको अन् चार वर्षांची पोरगी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा झोपेतून उठून खाली पाय ठेवला तर घोट्याच्या वर पाणी, अर्ध्या तासात गादी भिजली अन् फ्रिज आडवा होऊन हॉलमध्ये तरंगून राहिला होता. गाळ काढून काढून कंबर मोडली तरी नालीचा वास काही जाऊन नाही राहिला. मोठा प्रॉब्लेम म्हणजे खालच्या सगळ्या सॉकेटांत पाणी गेलं, मेन चालू केला की लगेच ट्रिप. आठ दिवस झाले सासऱ्यांकडे मानेवाड्याला आहोत. घरमालक पुण्याला असतात, फोनवर म्हणतात मी काय पाऊस पाडला का, वायरिंग तुमची तुम्ही करून घ्या अन् भाडं १ तारखेला पूर्ण टाका. ११ महिन्यांचा रजिस्टर करार आहे, चार महिने उरलेत, ३० हजार डिपॉझिट त्यांच्याकडे. काय करू?

खामलावाला_भाऊ:
काऊन द्यायचं बे भाडं? राहूनच नाही राहिले तर भाडं कशाचं. बंद करून टाका, काय करते तो.

करारवाला_काका:
भाऊ असा सल्ला देऊ नका, डिपॉझिट त्याच्याच हातात आहे, एकदम भाडं बंद केलं की तो थकबाकी दाखवून कापून घेईल. आधी करार वाचा, दुरुस्ती कोणाकडे ते बहुतेक करारांत लिहिलेलं असते, "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची" असं असलं तरी अख्खी वायरिंग काही किरकोळ नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १४ म्हणते घर राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम, त्यानं नाही केलं तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतो अन् खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाच्या वर नाही. गोची अशी की लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे तुमच्यासारखा ११ महिन्यांच्या करारावर राहणारा, या कायद्यात सरळ "भाडेकरू" धरत नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी करारच मोठा. म्हणून भांडण नको, व्हॉट्सॲपवर लिहून टाका: घर राहण्यालायक नाही, वायरिंग करून द्या, तोवरच्या दिवसांचं भाडं माफ करा. फोनवरचं बोलणं नंतर कोणी कबूल करत नाही.

वरचा_मजला_काकू:
आम्ही घरमालकच आहोत, खाली एक जोडपं राहते, त्यांच्याही कंबरेपर्यंत पाणी आलं होतं. वायरिंग आम्हीच करून दिली, घर आमचं आहे ना, उद्या शॉक लागून कोणाचं काही झालं तर? भाडं त्या महिन्याचं अर्धं घेतलं. पण खरं सांगू का, फ्रिज-मिक्सरचे पैसे मालकाला मागू नका, ते सामान तुमचं. मालकानं विमा काढला असला तरी तो घराचा असते, सामानाचा विमा भाडेकरूनं वेगळा काढावा लागते, अन् आपल्याकडे तो काढते कोण! अजून एक, घरात पाणी शिरलेल्यांना सरकारनं १० हजारांची मदत जाहीर केली ना, पंचनाम्याला कराराची कॉपी घेऊन स्वतः हजर राहा, नाहीतर कागदावर फक्त मालकाचं नाव चढायचं.

करारवाला_काका:
काकूंनी बरोबर सांगितलं. अन् रंग मारायच्या आधी भिंतीवर पाण्याची जी मळकी रेघ राहिली ना, तिच्या बाजूला टेप धरून फोटो काढा, सॉकेटांसकट. सोडताना "भिंती खराब केल्या" म्हणून डिपॉझिट कापायला लागला की तोच फोटो दाखवायचा.

तळमजलेवाला:
रेघ मोजली, बरोबर ३२ इंच, स्विचबोर्डाच्या जरा खाली. घरमालकांना मेसेज टाकला काल. आज उत्तर आलं, "इलेक्ट्रिशियन शनिवारी येईल, भाड्याचं मग पाहू." मी लगेच त्यांना लिहिलं, "पाहू" म्हणजे किती तो आकडा टाका. दोन निळ्या टिका झाल्यात, अजून आकडा नाही आला.

खामलावाला_भाऊ:
शनिवारी तुम्ही स्वतः थांबा तिथं, नाहीतर नुसते सॉकेट पुसून जाईल तो.